पाच वाजताच्या तीन खुंट्या

दादा,

आमचा गिझर आता पुण्यातून चालू होतो. तुमची नात तिथं नोकरीला आहे. ती सकाळी उठली की फोनवर बोट टेकवते आणि इकडं हिंगोलीत माझं पाणी तापायला लागतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याहून वेगळं काय असेल. थोड्या वेळानं तिचा फोन येतो, "आई, तापलं का पाणी?" मी म्हणते, तापलं. आठवड्यातून एखाद-दोन वेळा इथलं नेट बंद असतं, गिझर लागलेलाच नसतो, मग मी उठून आपलं बटण दाबते. तरी तिला म्हणते, तापलं. तिनं हौसेनं बसवून दिलंय. शिवाय नाही तापलं म्हटलं की तिचं पुढचं बोलणं सुरू होणार, एकटी कशाला राहतेस, इकडं ये. ते मला नको असतं. गेल्या आठवड्यात असंच तापलं म्हणून फोन ठेवला आणि तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी काही रोज आठवणी काढून डोळे पुसणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दवाखान्यात नर्स म्हणून तीस वर्षं काढली की माणूस थोडं निबर होतंच.

तुमचं ते यंत्र माझ्या कपाटात आहे. मुठीएवढा पांढरा डबा, मागं भिंतीत खुपसायच्या तीन पिना, पुढं एक गोल चकती. चकतीवर चोवीस तासांचे आकडे आणि कडेनं बारीक खुंट्या, एकेक खुंटी पाव तासाची. जितक्या खुंट्या खाली दाबाल तितका वेळ त्यातून वीज जाणार, बाकी वेळ बंद. आत एक चिमुकली मोटार आहे, ती चकतीला दिवसभरात एक फेरा मारून आणते. पाच वाजताच्या तीन खुंट्या अजून दाबलेल्या आहेत. त्या मीच दाबल्या होत्या.

आई गेल्यावर तुम्ही गावी, कुरुंद्यात, एकटे राहिलात. हिवाळ्यात तुमची बोटं सुजायची, सकाळी मूठ मिटायची नाही, गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय सदऱ्याच्या गुंड्या लागायच्या नाहीत. गॅसवरून भरलं पातेलं उतरवणं तुम्हाला झेपत नव्हतं, म्हणून बादलीत सोडून पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला. एक दिवस पाणी तापता तापता लाइट गेली. तुम्ही कोमट पाण्यानंच उरकलंत, रॉड रिकाम्या बादलीत तसाच राहिला, बटणही तसंच, आणि तुम्ही सवयीनं शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलात. मागं लाइट आली. बादली वितळली, दारावरचा टॉवेल पेटला. शेजारच्या काकूंनी धूर बघितला म्हणून घर राहिलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून आले. भाजलेली माणसं मी रोज बघत होते, त्यामुळं माझं बोलणं त्या दिवशी जरा जास्तच कडक झालं. "आता बास झालं दादा, चला माझ्याकडं," मी म्हणाले. तुम्ही वितळलेली बादली काठीनं उकरत होतात. म्हणालात, "मी न्हाई येत. हितं माझं बराबर हाय." मग मी अट घातली. मी एक यंत्र आणून देते, ते आपोआप पाणी तापवेल आणि आपोआप बंद होईल. रॉड हातानं लावायचा नाही, शब्द द्या. आणि यंत्र नाही चाललं तर मुकाट्यानं हिंगोलीला यायचं. तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत आणि शब्द दिलात.

टायमर मी नांदेडहून आणला. दुकानदार म्हणाला, "बस लगाओ और भूल जाओ." मला ते फार आवडलं. पुढच्या रविवारी मी न्हाणीत तो बसवते आहे, तुम्ही मागं उभे आहात. मी मोठ्या ऐटीत चकती समजावून सांगते. रात्री झोपताना बादली भरून रॉड सोडून ठेवायचा, पाचला चालू, पावणेसहाला बंद, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. तुम्ही नीट ऐकून घेता आणि एकच प्रश्न विचारता. "याला चावी कुठून द्यायची?" मी हसते. "चावी लागतच न्हाई दादा, लाइटीवर चालतंय ते." तुम्ही एकदा वर बल्बाकडं बघता, एकदा त्या डब्याकडं, आणि म्हणता, "बरं हाय."

तुम्हाला तिथल्या तिथं कळलं होतं. मला कळायला वेळ लागला, आणि हे हसण्यासारखं आहे, कारण घड्याळ कशावर चालतं हे मला तुम्हीच शिकवलं होतं. शाळेचे तुम्ही शिपाई. हेडमास्तरांच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला दर सोमवारी चावी द्यायचं काम तुमचं, आणि त्यात बघून घंटा मारायचं कामही तुमचंच. सारं गाव त्या घंटेवर चालायचं. मी सहावीत असताना मामा डोंगरकडा गावाहून ट्रॅक्टर घेऊन आला होता, मला घेऊन चारलाच निघणार होता, आणि शाळा सुटायची सव्वाचारला. हेडमास्तर बाहेरगावी गेलेले. मी स्टुलावर चढले आणि मोठा काटा पंधरा मिनिटं पुढं सरकवला. तुम्ही घंटेसाठी आलात, घड्याळ बघितलंत, मग दारातून पायरीवरची लिंबाची सावली बघितलीत. "हात कुणी लावला?" मी खाली मान घालून म्हणाले, मी. "किती सरकवलं?" पंधरा मिनिटं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही काच उघडलीत आणि लंबक बोटानं थांबवलात. "काटे मागं फिरवायचे न्हाईत, आतलं ठोक्याचं बिघडतंय. त्याला थांबवायचं, आन् मंग आपुन बी थांबायचं." शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींना वेळ विचारून आलात आणि माझ्याशेजारी उभे राहिलात. पाव तास. बाहेर मामाचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, मग दूर गेल्याचा. मी रडले, तुम्ही बघितलंसुद्धा नाही. परत एकदा वेळ विचारून आलात, लंबकाला धक्का दिलात, घंटा मारलीत. घरी जाताना एवढंच म्हणालात, "घड्याळच खोटं बोलाय लागलं तर घंटा कुणाच्या भरवशावर मारायची?" हे प्रकरण तुम्ही ना हेडमास्तरांना सांगितलंत ना आईला.

असा माणूस मला फोनवर खोटं सांगणार नाही, हे मी धरून चालले होते. टायमर बसवल्यापासून मी रोज सहाला फोन करायचे. "दादा, तापलं का पाणी?" "तापलं." "आपोआप?" "आपोआप." "यंत्र कसं चालून राहिलं?" "एकदम बराबर." मी म्हणायचे, बरं, आणि फोन ठेवून ड्युटीला निघायचे. पुढं पुढं मी रोजचा फोन दोन दिवसांवर नेला, मग आठवड्यावर. दवाखान्यात सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, आमच्या दादांना असं असं यंत्र दिलंय, पाचाच्या ठोक्याला पाणी गरम. तेव्हाचं लोडशेडिंग आठवा. दिवसाकाठी सहा-सहा तास लाइट नसायची, कधी दुपारी, कधी सकाळी, दर आठवड्याला वेळ वेगळी. मी त्याच जिल्ह्यात राहत होते, त्याच अंधारात स्वयंपाक करत होते. तरी लाइटीवर चालणारं घड्याळ लाइट गेल्यावर काय करील, हा प्रश्न मला पडला नाही. निदान पहिले काही आठवडे तरी पडला नाही, हे शपथेवर सांगते.

तुमच्या उजव्या अंगठ्याचा सांधा त्या काळात फार सुजायला लागला. बाकीच्या बोटांपेक्षा जास्त, आणि पेराजवळ कातडी लाल होऊन निघालेली. मी मलम दिलं, तेल दिलं, चोळायचं कसं ते दाखवलं. कशानं झालं हे मात्र विचारलं नाही. दवाखान्यात कुणी असा अंगठा घेऊन आला असता तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

पावणेतीन वर्षं तुम्ही तशी काढलीत. मग एका दुपारी जेवून खाटेवर पडलात ते उठलाच नाहीत. छातीतच काही झालं असावं, त्रास झालेला दिसत नव्हता. मी दिवेलागणीला पोचले, लाइट तेव्हाच आली होती. सकाळी माणसं तुम्हाला घेऊन गेली आणि आम्ही बायका ओसरीवर बसलो. घर शांत होतं. अकराच्या सुमारास न्हाणीतून टक् असा आवाज आला. मला तो नुसता आवाज वाटला. शेजारच्या काकू मात्र ताडकन उठल्या, आत गेल्या आणि ते यंत्रच भिंतीतून ओढून काढून हातात घेऊन आल्या. रॉड कोरड्या बादलीत होता, आदल्या रात्री बादली भरायला कोण होतं. काकू माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "काल दुपारपून लाइट नव्हती ना, सहा तास हे बी थांबलं, म्हणून पाचाचं आता अकराला लागलं. दादा असते तर लाइट आल्याबराबर सरकवलं असतं." मी म्हणाले, म्हणजे? "म्हणजे काय बाई, लाइट गेली की हे मागं पडायचं. लाइट आली की दादा पयले ह्याच्यापाशी. आन् सकाळी चारला उठून परत एकदा बघायचे, बराबर हाय का. मी म्हणलं, काहून एवढी तकलीफ करून घेता, हातानं लावा की रॉड. तर म्हणले, पोरीला शब्द दिलाय. ती इचारती, आपोआप तापलं का म्हणून. मला व्हय म्हणाय पायजे." मग काकू रडू लागल्या. रडता रडताच म्हणाल्या, नाकापेक्षा मोती जड झाला होता तुमच्या दादांना.

म्हणजे पाचला पाणी आपोआप तापावं म्हणून तुम्ही चारला उठत होतात. ती चकती ताठ होती, दाबून फिरवावी लागायची, सहा तास सरकवायचे म्हणजे पाव फेरा, आणि तो त्याच अंगठ्यानं. आणि माझ्याशी एक अक्षर खोटं बोलला नाहीत. यंत्र बरोबर आहे म्हणालात तेव्हा ते बरोबरच असायचं, तुम्ही ते केलेलं असायचं. ओसरीवरच्या साऱ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "मला ह्यातलं कायबी म्हाईत न्हवतं." कुणीतरी माझी पाठ थोपटली. बापलेकीची माया बघा, असं कुणीतरी म्हणालं. चौदा वर्षं मी ही गोष्ट नातेवाइकांना अशीच सांगत आले आहे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे दर वेळी भरतात.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. टायमर बसवल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी कुरुंद्याला आले होते. संध्याकाळी येते म्हणून कळवलं होतं, पण जीप लवकर मिळाली आणि दुपारीच पोचले. लाइट नुकतीच आली असावी, पंखा नुकताच वेग घेत होता. दार उघडंच होतं. तुम्ही न्हाणीत माझ्याकडं पाठ करून उभे होतात. डाव्या हातात आईचं गजराचं घड्याळ, उजव्या अंगठ्यानं चकती फिरवत होतात. थोडी फिरवायचात, थांबायचात, अंगठ्यावर फुंकर घालायचात, परत फिरवायचात. मी उंबऱ्यावर उभी राहून सगळं बघितलं, आणि बघताबघताच सगळं समजलं. मग मी तशीच मागं सरकले, अंगणात आले, आणि मोठ्यानं खाकरले. आत आले तेव्हा तुम्ही गजराचं घड्याळ कोनाड्यात ठेवत होतात. मी विचारलं, "यंत्र बराबर चालून राहिलं ना दादा?" तुम्ही म्हणालात, "एकदम बराबर." मी म्हणाले, बरं. आणि चहा ठेवला.

मला वाईट वाटलं असं मी लिहिणार होते. वाटलं नाही. परत जाताना जीपमध्ये मला सुटल्यासारखं वाटत होतं. आमच्या दोन खोल्या, त्यात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यांचं हगणंमुतणं काढून मी दवाखान्यात तेच करायला जायचे. तुमची खाट कुठं मावेल ते मी टेपनं मोजून बघितलं होतं, आणि ती मावत नाही हे बघून मला हायसं वाटलं होतं. सेलवर चालणारा टायमर त्याच दुकानात मिळाला असता. मी तो घ्यायला गेले नाही, कारण नवा आणला असता तर जुना चालत नाही हे मला माहीत आहे असं झालं असतं, आणि मग माझीच अट माझ्या गळ्यात आली असती. तुम्हाला यायचं नव्हतं हे खरं. पण तुम्ही यावं असं मलाही वाटत नव्हतं. झाकली मूठ दोघांच्या सोयीची होती, दुखत मात्र तुमचाच अंगठा होता.

हे पत्र कुठं पोस्टात टाकायचं नाही, त्या डब्याबरोबर कपाटातच ठेवायचं आहे. लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच. परवा दवाखान्यातली एक तरुण नर्स घरी आली होती, तिला मी गिझरची गंमत सांगितली. ती म्हणाली, "मावशी, नेट बंद असलं तर तुमच्या लेकीला तिकडं फोनवर दिसतं की. चालू झाला का न्हाई, सगळं दिसतं." म्हणजे पोरीला सगळं माहीत आहे. तरी ती विचारते, तापलं का. मी म्हणते, तापलं. मग ती म्हणते, "बरं." काल सकाळी मी ते बरं कान देऊन ऐकलं. मला तिचा राग आला नाही. मी फोन ठेवला, अंघोळीला गेले, आणि पाणी अंगावर घेताना माझ्या लक्षात आलं की त्या दुपारी अंगणात कोण आणि कशाला खाकरलं, हे तुम्हाला कळलं होतं, दादा.