आजाराला आमचेच नाव द्यावे

मी, एलिझियो ब्रुम, वय एकोणतीस, अविवाहित, राहणार साल्गेयरो, फ्लोरेस बेट, अझोर्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझे पाय गेले आहेत, जीभ जड झाली आहे. डोके शाबूत आहे. हा आजार डोके शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, हे मी वडिलांच्या वेळी पाहिले.

१. घर गावच्या शाळेला द्यावे. आजोबांनी ते दुत्रा कुटुंबाकडून विकत घेतले होते. आमच्याकडे माणसाला घराच्या जुन्या नावाने ओळखतात, म्हणून आम्ही ब्रुम असूनही 'दुत्रांच्या घरचे' झालो. लिस्बनचे डॉक्टर आमची चाल तपासायला आले तेव्हा त्यांनी वडिलांना विचारले, "तुम्हीच का दुत्रा?" वडील म्हणाले, "लोक तसंच म्हणतात, साहेब." त्यांच्या वैद्यकीय मासिकात आजार 'दुत्रा रोग' म्हणून छापून आला. ओढ्यापलीकडच्या खऱ्या दुत्रांमध्ये हा आजार कोणालाही झालेला नाही.

फाटकावरची 'दुत्रा' लिहिलेली फरशी न फोडता काढावी आणि जेर्मानो दुत्रा यांना परत करावी. ते माझ्याशी बोलत नाहीत; दारात ठेवून यावे.

२. गाय एर्मेलिंदाबाईंना. त्या माझ्या शाळेतल्या बाई. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. गाय डावीकडून दोहू देत नाही, हे लक्षात ठेवावे.

३. काठी गुत्तेवाल्या झेफेरिनोला. "सरका रे, डुलत डुलत बोट आली!" असे म्हणून तो गिऱ्हाइकांना माझी चाल करून दाखवतो. काठीने नक्कल अधिक हुबेहूब होईल.

४. मेंदू. तो डॉक्टरांनी मागितला आहे. हे आजारी लोक दुत्रा नसून ब्रुम आहेत आणि आजाराचे नाव 'ब्रुम रोग' आहे, असे त्याच मासिकात छापावे, असे मी त्यांना कळवले. "नाव रुळलं आहे, आता बदलणं अवघड," असे त्यांचे उत्तर आले. तरी अट कायम आहे. छापील पान माझ्या हयातीत आले आणि रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, सर्वांसमोर वाचले गेले, तरच मेंदू द्यावा. नाहीतर मला अखंड पुरावे आणि थडगे कोणासाठीही उघडू नये.

कारण लिहून ठेवतो. जेर्मानो यांची मुलगी लिओनिल्द हिचे लग्न अमेरिकेत ठरले होते. मुलाच्या आईने तिथल्या डॉक्टरकडून आजाराचे नाव ऐकले आणि कळवले, दुत्रांची मुलगी नको. लिओनिल्द माझ्यासाठी सूप घेऊन आली, भांडे आपटले आणि म्हणाली, "चालता तुला येत नाही, आणि लंगडी ठरले मी!"

मी तिला ही अट वाचून दाखवली. ती म्हणाली, "अरे वेड्या, आणि तुमचं नाव? ते कायमचं चिकटेल आजाराला."

"चिकटू दे. माझ्यामागे त्या नावाचं कोणी नाही. लग्न कोणाचं मोडणार?"

५. आईची कर्णफुले लिओनिल्दला द्यायची होती. ती म्हणाली, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मला काही देऊ नकोस. मला सही करायची आहे, पूर्ण नावाने." म्हणून कर्णफुले माझ्याबरोबर पुरावीत.

साक्षीदार: लिओनिल्द दुत्रा; आमारु आव्हिला, पोस्टमन.

साल्गेयरो, ११ नोव्हेंबर १९७९.

खालची सही वेडीवाकडी आहे म्हणून कोणी शंका घेऊ नये. ती माझीच आहे. हात हलतो तो ब्रुम रोगामुळे.

एलिझियो ब्रुम