अंगावर घालून पाहिलेला हप्ता

४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तीन खोल्यांच्या फ्लॅटचा बयाणाही तुम्ही देऊन आलात आणि शुक्रवारी मी बँकेत कर्जाच्या कागदांवर सही करायची, हे वाचून लगेच लिहायला बसले. रागावू नका. कच्ची शिलाई घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर बघितल्याशिवाय तुम्ही कुठलाही कपडा पक्का शिवत नाही. मीही तेच केलं. हप्ता किती बसेल ते तुम्ही कळवल्यावर तेवढा पगार बाजूला काढला आणि महिनाभर उरलेल्यात राहून पाहिलं. मध्येच ताप आला. औषधाला पैसे नव्हते, खोलीतल्या मैत्रिणीपुढे हात पसरावा लागला. बाबा, हा एकच महिना होता. कर्ज वीस वर्षांचं आहे. प्रयोगशाळेतली नोकरी अजून कायम नाही. परवाच दोघांना काढलं. साहेब माझ्या टेबलापाशी थांबले की वाटतं, आता माझी पाळी.

शेवटच्या बसथांब्याजवळ, सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्या विकाऊ आहेत. तुमच्या-माझ्या शिलकीत बसतात, कर्ज काढावं लागणार नाही. एकदा बघून तरी जाल? आईला नमस्कार.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नये.

आपली,
बॅरिस्टर

७ ऑगस्ट

चि. बॅरिस्टर हीस,
अ. उ. आ.

लहानपणी वाद घालायचीस म्हणून लाडाने बॅरिस्टर म्हणायला लागलो, एवढी शिकलीस आणि शेवटी भित्री भागूबाईच निघालीस! घरातली पहिली पदवीधर, आणि राहणार सायकलवाल्याच्या डोक्यावर? मामी काय म्हणेल? फ्लॅटचा दलाल माझं जुनं गिऱ्हाईक, त्याला कोणत्या तोंडाने नाही सांगू? हप्त्याला कमी पडेल ते मी जादा कपडे शिवून भरीन. तुझा बाप अजून खंबीर आहे.

तापाचं मात्र तेव्हाच का नाही कळवलंस? आई माझ्याशी बोलत नाहीये, जणू ताप मीच आणला. शुक्रवारी गुपचूप सही कर. जिवाला जप.

तुझा,
बाबा

९ ऑगस्ट, शुक्रवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी सही केली नाही. बँकेतल्या बाईंनी पेन पुढे केलं, दलाल शेजारी हसत बसला होता. नाही म्हणाले, पण आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. बयाणा बुडाला. दलाल म्हणाला, शिंप्याची पोर, झेप कात्रीएवढीच. बाहेर येऊन जिन्यातच बसले.

माझ्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागेल, ही भीती काही जात नाही. पण तुम्ही जादा शिवणार म्हणालात, त्याची धास्ती त्याहून मोठी होती. वाटेल ते बोला, फक्त अबोला धरू नका.

लेकीवर माया असू द्यावी.

तुमचीच,
बॅरिस्टर

१३ ऑगस्ट

चि. बॅरिस्टर हीस,
अ. उ. आ.

आईने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. नाही म्हणालीस तेवढं तिला पुन्हा वाचायला लावलं.

बाळ, कित्येक दिवस सुईत दोरा आईच ओवून देते. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याचाही भरवसा नाही. दुकानात कुणाला कळू दिलं नाही, तुलाही नाही. वाटलं, एकदा तुझं घर झालं की पुढचं निभेल कसंतरी. तू सही केली असतीस तर हप्त्यासाठी जादा कपडे शिवणार कोण होतं?

त्या दोन खोल्या बघायला रविवारी येतो. स्टँडवर घ्यायला ये. बसवरची पाटी मला वाचता येणार नाही.

तुझा,
बाबा