साफ फोटो

मंगळवार, १६ जून १९८७. डिचोली.

मुलांच्या डोकेदुखीवर तीन वर्षं संशोधन करतोय, आणि आज मुळगावच्या शीतलच्या बापापुढे हरलो. तेरा वर्षांची पोर, कपाळ दाबून खिडकीकडे पाठ करून बसलेली.

“दोतोर, फोटोत कितें दिसलें?”

“काही नाही. या दुखण्यात एक्स-रे साफच येतो.”

“मग सोंगां करता ती. आता औषध बंद, शाळा चालू.”

खूप समजावलं. पण दाखवायला माझ्याकडे होतं काय? तो साफ फोटोच ना!

निघताना मी शीतललाच विचारलं, “अजून दुखतं?”

तिनं डोळे किलकिले करून बापाकडे पाहिलं. “ना दोतोर, आता बरें आसा.”

डोळे उघडवत नव्हते तिला. यापुढे ती कुणालाच सांगणार नाही. मलासुद्धा.