पट्टीच्या आधी

प्रिय ताई,

रविवारी माझा बाप्तिस्मा झाला, हे आईनं तुला सांगितलंच असेल. मला म्हणाली, "एका बुडीत सगळं धुऊन निघत असेल, तर तुझे धावायचे मोजेही घेऊन जा."

पाण्यात उतरण्याआधी चर्चच्या पाळकांनी विचारलं, "कुणाची माफी मागायची राहिलीय?" मी मान हलवून नाही म्हटलं. देवाच्या दारात पहिलं पाऊल, तेही खोटं.

आपलं ठरलेलं होतं. रिलेत तू ट्रॅकवरच्या पांढऱ्या पट्टीवर आलीस की मी सुटायचं. मग तू "हात!" म्हणून ओरडायचीस आणि मी न बघता हात मागे करायचा. पण कॉलेजच्या फायनलला मला राहवलं नाही. तू पट्टीवर येण्याआधीच मी सुटले. मला गाठायला तू जिवाच्या आकांतानं धावलीस, मांडीचा स्नायू फाटला, बॅटन पडलं. सर तुझ्यावरच उखडले, "शेवटी दम कमी पडला तुझा!" मी शेजारी वाकून बुटाची नाडी बांधत होते. तू धावणं सोडलंस, तरी माझी नाडी बांधून होईना.

पाळक म्हणतात, तारण कमवावं लागत नाही, ते देवाच्या कृपेनं मिळतं. तेच तर सलतंय गं. देवानं माफ केलं असेलही, पण पडली होतीस तू.

आधीच्या पत्रांसारखं हे पत्रही माझ्या बॅगेतच राहणार, मी मला ओळखते.

पाण्याखाली मला तुझी हाक ऐकू आली, "हात!" वर आले तेव्हा पाळक हात पुढे करून उभे होते, आणि माझा हात मागे होता, उघडा.

तुझी,
अजूनही मागे वळून न बघितलेली धाकटी