गडग्यावरचा रानकोंबडा आणि माझी बाकीची मालमत्ता

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल सर्वांची आधीच माफी मागतो. घरादाराचं लिहायला दहा वर्षं उशीर झाला आणि कलम सातमधलं सांगायला चोपन्न वर्षं.

मी, काशीराम हिराजी घरत, वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे अठ्ठ्याहत्तर आणि आई सांगायची त्याप्रमाणे ऐंशी, शिक्षण चौथी पास व पाचवी अर्धी, राहणार करंजाडे, तालुका पनवेल, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकात किंवा नशेत नसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली आहे. ती नशेत धरत नाहीत असं हितेश वकील म्हणाले, तरी नोंद असावी.

येत्या सोमवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात अर्ध्या तासाचं काम, घाबरण्यासारखं काही नाही. पण हे ते सगळ्यांनाच म्हणत असतील, आणि त्यातले काही घरी आले नसतील.

कलम एक. गाव विमानतळात गेलं तेव्हा बदल्यात मिळालेल्या प्लॉटवरचं हे घर मी माझा मुलगा हरेश आणि सून मनिषा या दोघांच्या नावाने करतो. मनिषाचं नाव मुद्दाम घातलं आहे. हरेश कागद न वाचता सही करतो, मनिषा पावतीची मागची बाजूही वाचते. दोघांनी निजण्यापूर्वी गॅसचं बटण बघावं. मी रोज तीनदा बघत होतो. ते काम आता दोघांत वाटून घ्यावं.

कलम दोन. माझी बायको भामा सहा वर्षांपूर्वी गेली. तिच्या पाटल्या मुलगी दिपिका हिला द्याव्यात. लग्नकार्यात त्या मनिषाने घातल्या म्हणून दिपिका दोन दिवाळ्या इथं आली नाही. मनिषाने त्या माझ्याकडून मागून घेऊन घातल्या होत्या आणि परतही ठेवल्या होत्या. मी त्या वेळी बोललो नाही, कारण दोघी एकदम बोलत होत्या. आता लिहून सांगतो.

कलम तीन. पोस्टातलं आणि बँकेतलं जे असेल ते हरेश आणि दिपिकाने निम्मं निम्मं घ्यावं. पासबुकं तांदळाच्या पिंपामागे आहेत. हे वाचून झाल्यावर जागा बदलावी.

कलम चार. माझी एकनळी बंदूक. ही पीकसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी घेतलेली आहे. पीक गेलं, शेत गेलं, डुकरंही गेली, बंदूक राहिली. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची. गेली पन्नास वर्षं ती बाहेर पडली ती एवढ्यासाठीच. माझ्यामागे हरेशने त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी तरी ती ठाण्यात जमा करावी आणि पावती घ्यावी. नातू हृतिकने तिच्यासोबत फोटो काढू नये. काढलाच तर फोनवर कोणाला पाठवू नये.

कलम पाच. माळ्यावरचे रानकोंबडे धरायचे घोड्याच्या केसांचे फासे जाळून टाकावेत. यातला एक मनिषाने झाडू बांधायला वापरला आहे, तो झाडूसकट जाळावा. रानकोंबड्याची हाक मला येते. नर आरवला की मी तसंच उत्तर द्यायचो आणि दुसरा नर आपल्या हद्दीत आला असं समजून तो भांडायला समोर यायचा. ही हाक कोणाला द्यायची हा प्रश्नच होता. गच्चीवर एकदा दिली तर समोरच्या इमारतीतून तक्रार आली. हृतिकने ती फोनमध्ये भरून घेतली आहे. त्याच्याकडे राहू दे, पण फोनची रिंग म्हणून लावू नये.

कलम सहा. राग. कृष्णकांत शेठवरचा माझा राग मी कोणालाही देत नाही, तो माझ्याबरोबरच जाळावा. पण तो कशाबद्दल होता ते लिहायला हवं, कारण पुढचं कलम त्यावर उभं आहे.

प्रबळगडाच्या पायथ्याला शेठचं गवताळ वरकस रान होतं. त्याच्या कडेने दगडाचा गडगा, आणि गडग्यापलीकडे सरकारी जंगल. पहाटे रानकोंबडे जंगलातून शेठच्या रानात दाणे टिपायला यायचे आणि ऊन चढलं की परत जायचे. शेठच्या बाजूला मारला तर दर तिसरा कोंबडा शेठला. सरकारच्या बाजूला मारायचा तर पास हवा. आमच्याकडे पास कधीच नव्हता. हे सगळं शिकारबंदीचा कायदा येण्याआधीचं आहे, आणि कायदा आल्यावर मी एकही पक्षी मारलेला नाही, हे पोलिसांनी वाचल्यास कृपया लक्षात घ्यावं. हितेश वकील म्हणाले होते हे लिहूच नका. पण मग पुढचं कळणार कसं?

शेठचं म्हणणं असं की कोंबडे त्यांचे दाणे खातात, म्हणजे कोंबडेही त्यांचेच. आता तिथं त्यांच्या मुलांनी फार्महाऊसचे प्लॉट पाडले आहेत. फाटकावर रानकोंबड्याचं चित्र आहे आणि खाली लिहिलं आहे, खाजगी मालमत्ता, आत येऊ नये. एवढंच. राग संपला.

कलम सात. हे कलम मुश्ताकसाठी आहे. मुश्ताक म्हणजे पनवेलच्या बाजारातला, सुतळी-दोराच्या दुकानाचा. अठरा वर्षांचे होतो तेव्हापासून आम्ही दोघं त्या रानात बरोबर जायचो. बंदूक माझी, पाय त्याचे.

मुश्ताकच्या घरी मेलेलं चालत नाही. पक्षी पडला की त्याच्यात जीव आहे तोवर मुश्ताकने पोचून अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची. त्यामुळे आमची वाटणी सोपी होती. त्याला जिवंत सापडला तो त्याचा, आधीच मेलेला तो माझा. तो चपला कमरेला खोचून धावायचा. माझा नेम त्या वेळी चांगला होता, आणि हीच त्याची तक्रार होती. तो म्हणायचा, काशा, तू मुद्दाम नीट मारतोस. जरा वाईट मारायला शीक.

एकाहत्तर साली थंडीत त्याच्या बायकोला, ताहिराला, सातवा महिना होता आणि तिला डोहाळे लागले ते रानकोंबड्याचेच. गावठी आणून दिला तर तिने ताट सरकवलं. आम्ही लागोपाठ तीन शुक्रवार गेलो. तिन्ही वेळा मुश्ताक पोचेपर्यंत पक्षी संपलेला. तिन्ही कोंबडे माझ्याकडे शिजले. मुश्ताकची आई त्याला सगळ्यांसमोर म्हणाली की काशाच्या घरी कोंबडा आणि तुझ्या घरी नुसती त्याची गोष्ट. तो हसला, पण लगेच सुरीला धार लावायला बसला.

चौथ्या शुक्रवारी मी हाक दिली आणि एक मोठा नर येऊन थेट गडग्यावर उभा राहिला. चोच सरकारकडे, शेपूट शेठकडे. मी वाईट मारायचा खरंच प्रयत्न केला. तो पलीकडे, जंगलाच्या बाजूला पडला. मुश्ताक शेठच्या रानात खाली होता. तो गडग्याच्या खिंडारापर्यंत धावला आणि तिथं शेठच्या राखणदाराने त्याला अडवलं. मागचा तिसरा दिला नाहीत, आता हा शेठचा, म्हणाला. मुश्ताक म्हणाला, तो सरकारात पडलाय. राखणदार म्हणाला, पडला सरकारात, पण जेवला आमच्यात. हे असं त्यांचं चाललं.

मी तोवर गडगा चढून पलीकडे उतरलो. कोंबडा मेला होता. डोळ्यावर पापणी आली होती. संशयाला जागा नव्हती.

मुश्ताक राखणदाराच्या हाताखालून निसटून, दगडावर पाय सोलवटून आला. लांबूनच ओरडला, "काशा, जिता हाय काय?"

त्याचा चेहरा मला दिसत होता. मी म्हणालो, "हाय. ये लवकर."

कोंबड्याचा पाय गुडघ्यात दुमडला की त्याची बोटं आपोआप मिटतात. ती फांदी धरायची सोय देवाने करून ठेवली आहे, त्याला जीव लागत नाही. मी माझ्या अंगाआड त्याचा पाय दुमडला. बोटं मिटली. मुश्ताकने ती पाहिली, नाव घेतलं आणि सुरी फिरवली. अंग गरम होतं, रक्तही थोडं आलं. त्याने मला मिठी मारली. त्या मिठीत कोंबडा मध्ये होता.

ताहिराने तो पोटभर खाल्ला. दर ईदला मी शिरखुर्मा प्यायला जातो तेव्हा ती म्हणते, काशीभाई, त्या कोंबड्यासारखी चव पुन्हा मिळाली नाही. दर ईदला मला ठसका लागतो. तिला वाटतं, खुर्मा गरम आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची मुलगी नाझिया झाली. तिला गोवर आला, मला झोप नाही. तिचा हात मोडला, मी मनात म्हटलं, झालं. ती मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा जरा श्वास घेतला. आता ती खारघरला कॉलेजात गणित शिकवते, तिची मुलंही मोठी आहेत, पण अजून तिला सर्दी झाल्याचं कळलं की मला तो पाय आठवतो.

भामाला मी सांगितलं होतं. ती शेवटपर्यंत एकच म्हणाली, "त्याला सांगा." मी एकदा ओवे गावच्या एका जाणत्या मौलवींना विचारलं. माझं नाव न सांगता, एका ओळखीच्या माणसाचं असं असं झालं म्हणून. ते म्हणाले, ज्याने न कळता खाल्लं त्याला दोष नाही, ज्याने फसवलं त्याने जाऊन सांगावं. मग म्हणाले, तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला सांगा की वय झालंय, रिक्षाने जा. त्यानंतर मी ओव्याला गेलो नाही.

तर मुश्ताक, मी खोटं बोललो. कोंबडा मेलेला होता. तुझ्यावर, ताहिरावर, नाझियावर यातलं काही नाही, सगळं माझ्यावर. तू कधी माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. दुकानात माप देतानाही नाही.

आधी मी ठरवलं होतं की हे पाकिटात बंद करून ठेवावं आणि मी गेल्यावर तुला वाचून दाखवावं. म्हणजे तुझा चेहरा बघायला नको. हितेश वकिलांनी पाकीट हातात घेतलं आणि विचारलं, "काका, ते वाचतील तेव्हा तुम्ही नसाल. त्यांचं उत्तर कुठं पाठवू?"

यावर मी दोन दिवस विचार केला. म्हणून या कागदाची एक प्रत हरेशने आजच दुकानात नेऊन मुश्ताकच्या हातात द्यावी. गल्ल्यावरच्या पोराकडे देऊ नये.

कलम आठ. मुश्ताकला या मृत्युपत्रात मी काहीही देत नाही. याचा कोणी वाईट अर्थ काढू नये. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात, आणि मला मुश्ताक साक्षीदार हवा आहे. दोन साक्षीदारांशिवाय हा कागद चालत नाही. एक सही शेजारच्या चंद्रावतीबाईंनी केली आहे. त्यांना वाचता येऊ नये म्हणून मी वरच्या भागावर ताट धरलं होतं, तरी त्यांनी कोंबडा हा शब्द वाचला असावा, कारण कधी जेवायला बोलावताय असं त्या विचारून गेल्या.

दुसरी सही औषधाच्या दुकानातला परेश लगेच करायला तयार होता. मी त्याला नको म्हटलं. ती जागा मुश्ताकसाठी कोरी आहे. त्याने सही केली तर मी समजेन की झालं गेलं संपलं. नाही केली तर हे मृत्युपत्र रद्द, घर, पाटल्या, पासबुकं सगळं अधांतरी, आणि हरेश आणि दिपिकाने काय ते कोर्टात बघावं. हितेश वकील यावर खूप चिडले. म्हणाले, असं मृत्युपत्र मी आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, मीही पहिलंच लिहितोय.

साक्षीदाराने सही माझ्यासमोर करायची असा नियम आहे. म्हणजे दुकानात बसून कागद परत पाठवता येणार नाही. मुश्ताकला इथं यावं लागेल.

लिहून देणार: काशीराम हिराजी घरत (सही)

साक्षीदार पहिली: चंद्रावती नारायण मोकल (सही)

साक्षीदार दुसरा: ........................

ठिकाण: करंजाडे, पनवेल
तारीख: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

मुश्ताक, येणार की नाही तेवढं हरेशच्या फोनवर लवकर कळव. रविवारी संध्याकाळी मला दवाखान्यात भरती करणार आहेत आणि नंतर खायला-बोलायला देत नाहीत. यायचं नसेल तरी कळव. शिव्या द्यायच्या असतील तरी चालेल, फक्त सोमवारच्या आधी दे.