हेडफोन-निवडीस झालेल्या विलंबाबाबत

तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

आपला गुडघा जिना चढू देतो, की अजून उतरण्यापुरताच राजी आहे, ते कळवावे. वहिनींचा खोकला गेला असल्यास उत्तम. नसल्यास त्यांना औषध देण्यापूर्वी आपण एक चमचा स्वतः घेऊन पाहावे, म्हणजे त्यांच्यावरची सक्ती आपोआप कमी होईल. माझी प्रकृती ठीक आहे. घरही नीटनेटके आहे. (एकट्या माणसाला पसारा तरी किती करता येणार?)

आपल्या बहिणीच्या माघारी तिचा इलेक्ट्रॉनिक ड्रम आपल्या कन्येस देण्याचे मी वचन दिले, त्याला बराच काळ लोटला. दिवसभर लोकांच्या दाढा कोरणाऱ्या दंतवैद्य मुलीला संध्याकाळी काहीतरी बडवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते रुग्ण नसावेत ही आपणा सर्वांचीच इच्छा. विलंबाचे कारण एवढेच की, ह्या वाद्याचा आवाज खोलीत येत नाही. तो हेडफोनमधूनच ऐकावा लागतो, आणि हिचा हेडफोन मोडला होता. मुके वाद्य द्यायचे कसे? जन्मभर दुकानदारांची वजनेमापे तपासलेल्या निरीक्षकाने वस्तू न तपासता स्वतःच्या सासुरवाडीस पाठवावी, हे मला प्रशस्त वाटले नाही. (मी तपासतो, वाजवत नाही. हा भेद कृपया ध्यानात असावा.)

दुकानातील विक्रेत्याने विचारले, "काका, फोनवर बोलायला हवाय की गाणी ऐकायला?" ड्रम वाजवायला, असे सांगताच त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या छत्रीकडे पाहिले आणि बिनतारी हेडफोन पुढे केला. "वायरीची कटकटच नको, काका." घरी येऊन रबरी तबकडीवर स्टिक मारली, तर आवाज मागाहून आला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मारावे आपण आणि आवाजाने यावे त्याच्या सवडीने! दुःखाने माणूस मंदावतो, असे समाचाराला आलेल्या पुष्कळांनी बजावले होते. तेव्हा दोष मी स्वतःकडे घेतला आणि कानाच्या डॉक्टरांना गाठले. त्यांनी दोन्ही कान पाहिले, नंतर हेडफोन पाहिला. "कान ठणठणीत आहेत. ह्या बिनतारी यंत्रालाच आवाज पोचवायला वेळ लागतो. वायरवाला घ्या, आणि माझी रांग वाढवू नका."

वायरवाला घेतला. कान पूर्ण झाकणारा, गुबगुबीत. त्याची पिन वाद्याच्या भोकापेक्षा बारीक निघाली, म्हणून जोडपिन आणली. चष्म्याच्या दांड्या कानशिलांत रुतू लागल्या, म्हणून चष्मा काढला. चष्मा काढल्यावर तबकड्या दिसेनात. तरीही तपासणी थांबवली नाही. बाहेरचे काहीही ऐकू येत नाही, हा त्या हेडफोनचा गुण विक्रेत्याने सांगितला होता, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. खालच्या मजल्यावरील परिचारिकाबाई घंटा वाजवून दमल्या आणि हिने त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडून आत आल्या, ह्याचा मला पत्ताच नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला मात्र, माझ्या हातातील स्टिक उडाली, पंख्याला लागली, आणि पंख्याने ती बाईंच्याच दिशेने भिरकावली.

"अहो, माझ्या डोक्यावर पाय आपटताय ते आपटताय, वर हल्ला करताय?"

ही ड्रमच्या पायपट्टीची तपासणी आहे, असे मी नम्रपणे निवेदन केले.

"मग तपासणीखाली गादी घाला!"

घातली.

दाराची घंटा ऐकू यावी म्हणून तिसरा हेडफोन घेतला, तो जाळीदार पाठीचा. त्यातून आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो, सबब तो ड्रमसाठी घेऊ नये, असे जाणकार सांगतात. ते बरोबरच आहे, कारण त्यात रबरावरची कोरडी टपटपही ऐकू येते. दादा, ती टपटप मला तोंडपाठ आहे. अंथरूण धरीपर्यंत ही रोज संध्याकाळी आतल्या खोलीत वाजवीत असे आणि मी बाहेर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत असे. माझ्या वाट्याला तेवढीच येई: टप, टप, टपटप-टप. त्या संध्याकाळी हात आपसूक तसेच चालले. बाहेरून ती ओळखीची टपटप आली आणि आतून, तिच्या बरोबरीने, केवढा तरी गडगडाट. भिंतीपलीकडे इतकी वर्षे एवढे मोठे काही चालले होते, ह्याची मला कल्पना नव्हती. मी बराच वेळ तपासत राहिलो.

सारांश, आपल्या कन्येस वायरवाला, गुबगुबीत हेडफोनच योग्य होय. तपासणी पूर्ण झाली असून, वाद्य नेण्यास टेम्पो केव्हा पाठवता ते कळवावे. वहिनींस नमस्कार. लोभ आहेच, तो गुडघ्याच्या बेताने वाढवावा.

आपला,
शब्दाचा पक्का मेहुणा

ता. क. १ : टेम्पो पाठवू नये. वचन मोडण्याचा मला सराव नाही, तेव्हा पद्धत चुकली असल्यास सांभाळून घ्यावे. कन्येने हवे तेव्हा येथे येऊन मनसोक्त बडवावे. तिचा हेडफोन खुंटीला अडकवून ठेवला आहे. बिनतारी मात्र आपणास कुरियरने धाडला आहे. फोनवर बोलायला तो उत्तम असल्याचे समजते.

ता. क. २ : हे पत्र पोचण्यापूर्वीच टेम्पो निघाला असल्यास तो रिकामा परत जाऊ नये म्हणून बाहेरच्या खोलीतील आरामखुर्ची द्यावी म्हणतो. तिच्यात हल्ली कोणी बसत नाही.