दारात ट्रे घेऊन उभी असलेली

आई,

मध्यंतरी कामावर पडद्यावर एक बाई अंधारातून हळूहळू वर आली, आणि तू मागे उभी आहेस असं वाटून मी खुर्ची फिरवून पाहिलं. मागे नुसता हीटर होता. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे माझं काम तुला ठाऊकच नाही. इकडे डच लोकांच्या देशात, स्लोटरडाइक स्टेशनाजवळच्या एका इमारतीत मी जुने मूकपट दुरुस्त करते. ओरखडे पुसायचे, चित्राची थरथर थांबवायची, आणि शेवटी कुठल्या दृश्यात किती उजेड ठेवायचा ते ठरवायचं. खोलीत कायम अंधार असतो. बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, हे जॅकेट चढवून खाली उतरल्यावर कळतं, आणि इथल्या हिवाळ्यात तेव्हाही नीटसं कळत नाही. तुझी नात मैत्रिणींना सांगते, "ममा फिक्सेस ओल्ड पीपल." तिला मराठी समजतं सगळं, बोलायची मात्र तयारी नसते.

तूही माणसंच दुरुस्त करायचीस. सांगलीतला तो फोटो स्टुडिओ, उतरतं डेस्क, काचेखालचा दिवा आणि काचेवर कुणाच्या तरी लग्नाच्या मुलीची निगेटिव्ह. तू पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर सुईसारखं करतेस आणि श्वास रोखून त्या चेहऱ्यावर बारीक बारीक फिरवतेस. निगेटिव्हवर जितकं काळं करावं तितकी मुलगी फोटोत गोरी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. अर्ध्या सांगलीची लग्नं तुझ्या पेन्सिलीनं जमवली, आणि मग प्रत्यक्ष बघण्याच्या कार्यक्रमात कुणाकुणाची तोंडं कशी झाली, ते तू जेवताना नक्कल करून सांगायचीस. मी हसून हसून ताटावर कोसळायचे. एकदा मात्र मी माझा शाळेचा फोटो पुढे केला आणि म्हटलं, मलाही कर ना गोरी. तू पेन्सिल खाली ठेवलीस. "दिवसभर लोकांच्या पोरी घासून येते. घरची तरी राहू दे आहे तशी." मला तेव्हा राग आला होता. वाटलं, परक्या मुलींसाठी हिचा हात चालतो आणि माझ्यासाठीच नेमका थकतो.

अंधारातून वर आलेली ती बाई अमेरिकेतली, कृष्णवर्णीय नटी. सिनेमा बोलायला लागायच्या आधीची. रंगमंचावर नाचत, गात पुढे आली. मग सिनेमात दार उघडलं, कोट घेतला, मालकिणीचे केस विंचरले, ट्रे आणला. एकाच चित्रपटात ती नायिका होती. तो तिच्याच लोकांनी पैसे जमवून काढला होता, आणि त्याची एकही प्रत जगात उरलेली नाही. त्यानंतर पुन्हा ट्रे. आमच्याकडे आलेल्या चित्रपटाची प्रत इथल्याच एका जुन्या थिएटरच्या माळ्यावर सापडली, मधल्या संवादांच्या पाट्या डचमध्ये. त्यात गोरी नायिका सोफ्यावर पडून रडते आणि मागे दारात ही उभी. दिवे सगळे नायिकेच्या तोंडावर. हिचा दिसतो तो पांढरा एप्रन, आणि वर एक काळा ठिपका.

मी सहज उजेड वाढवत गेले. आधी कपाळ आलं, मग डोळे. आई, ती बाई नायिकेच्या रडण्याची नक्कल करत होती! ओठ तसाच थरथरवत होती, एप्रनचं टोक रुमालासारखं डोळ्याला लावत होती, आणि ट्रेवरचा कप जरासुद्धा हलत नव्हता. शंभर वर्षं ती तिथे अंधारात उभी राहून काम करत होती आणि कुणी पाहिलंच नव्हतं.

पण तिला उजेडात आणलं की नायिकेचा चेहरा पिठासारखा पांढरा पडायचा आणि अश्रू नाहीसे व्हायचे. माझा डच सहकारी म्हणाला, "सीन अश्रूंचा आहे. नायिकेची त्वचा नीट दिसेल एवढाच उजेड ठेव, नेहमी तसंच करतात." त्याचं चूक नव्हतं. पण ही प्रत एकदा बाहेर पडली की पुढे सगळे हीच बघणार होते, आणि ती बाई कायमची ठिपका राहणार होती. वाद घालायला मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "अश्रू राहू देत बाजूला, तू फक्त दार बघ." त्यानं पाहिलं. सीन पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "राहू दे. अशीच राहू दे."

काल चित्रपट दाखवला, लेकीलाही नेलं होतं. ती दारात आली आणि सगळं थिएटर हसलं. अंधारात मला तुझी पेन्सिल ऐकू येत होती, खरंच, ती काचेवरची बारीक खसखस. परतताना अ‍ॅमस्टेलव्हीनच्या ट्राममध्ये तुझ्या नातीनं विचारलं, "डिड आजी लुक लाइक हर?" घरी तुझा एकच फोटो आहे, हार घातलेला. त्यात तू गोरीपान आहेस, आणि गालावर जवळून पाहिलं तर तुझ्याच हाताच्या बारीक रेघा दिसतात. जगभरच्या पोरी घासून झाल्यावर कधीतरी तू स्वतःलाही पेन्सिल लावलीस, मला न सांगता, आणि तेवढाच फोटो उरला. स्टुडिओ गेला, निगेटिव्हही गेली.

मी लेकीला म्हटलं, "हो, अगदी अशीच दिसायची."

हे तुला कुठे पाठवणार, फोनमध्येच राहील. पण खरं सांगते. तुझा आवाज आठवतो, पेन्सिल धरलेली बोटं आठवतात, नकला आठवतात. तुझा रंग मला आठवत नाही, आई. आता आठवायला गेले की ती दारातलीच डोळ्यासमोर येते, आणि मी तिला राहू देते.